सीझर वापरण्यापूर्वी वाचा

अभिनंदन! 'सीझर' हे नाव आता तुमच्या घरात आलेलं आहे. तुम्ही ते मागवलं नव्हतं, हे आम्हाला ठाऊक आहे. मराठी घरांत ते सहसा मागवून येतच नाही. रात्री अकराला फोन वाजतो. पलीकडून जावईबापू सांगतात, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. अलीकडून मोठ्या मावशीचा पहिला प्रश्न जातो, "नॉर्मल की सीझर?" झालं! दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन घराण्याचं आडनाव चपलाही न काढता थेट स्वयंपाकघरात शिरलं.

खोकं उघडल्यावर आधी सुटे भाग मोजून घ्या. एक आडनाव (रोमन, वापरलेलं). एक शस्त्रक्रिया. कॅलेंडरातल्या एका महिन्याशी नातं. एक गुप्त लिपी. सम्राटांच्या तीन-चार पदव्या (मुदत संपलेल्या). एक सॅलड. आणि राहणं बंगल्यांच्या सोसायटीत असेल तर एक अल्सेशियन. एखादा भाग कमी निघाला तर तक्रार करू नका. यातले निम्मे मूळ मालकाचे नाहीतच.

नाव कुठून धरावं

गायस ज्युलियस सीझर. नवशिके हे नाव मधोमध धरतात. ज्युलियस म्हणजे त्याचं नाव आणि सीझर म्हणजे आडनाव, अशी त्यांची समजूत असते. शाळेत आम्हीही तसंच धरत होतो. ते पुढून धरायचं असतं. गायस हे पाळण्यातलं नाव. रोमन बारसं मुलाचं नवव्या दिवशी आणि मुलीचं आठव्या दिवशी होत असे, म्हणजे आपल्यापेक्षा त्यांना घाई जास्त. ज्युलियस हे कुळाचं नाव. या कुळाची वंशावळ थेट व्हीनस देवीपर्यंत जाऊन भिडायची. सूर्यवंश-चंद्रवंश ऐकत वाढलेल्या वाचकाने इथे भुवया उंचावण्याचं कारण नाही. सीझर ही त्या कुळाची एक शाखा, म्हणजे आपण ज्याला आडनाव म्हणतो ते.

पाळण्यातलं नाव शोधताना रोमन आत्यांना डोकं खाजवावं लागत नसे. प्रजासत्ताकाच्या अखेरीला मुलांची नेहमीच्या वापरातली नावं होती जेमतेम अठरा-वीस. त्यामुळे या गायसचे वडील गायस आणि आजोबाही गायस. मुलींना तर तेवढीही निवड नव्हती. ज्युलियस कुळात जन्मली की ती ज्युलिया. सीझरची आत्या ज्युलिया, दोन बहिणी दोघी ज्युलिया, मुलगी ज्युलिया. सणाला सगळ्या जमल्यावर "ज्युलिया, जरा पाणी आण गं" म्हणणाऱ्याला एक तर चार तांबे मिळत असतील, नाही तर एकही नाही.

आता आडनाव. रोमन आडनावं पुष्कळदा चिडवण्यातूनच पडलेली असत. सिसेरो हे हरभऱ्यावरून पडलेलं. ओव्हिड कवीचं आडनाव नासो, ते नाकावरून. स्ट्राबो म्हणजे तिरळा, बाल्बस तोतरा, काल्वस टकला, क्रॅसस जाडा आणि ब्रूटस मठ्ठ. आपल्याकडची बोबडे, टकले, लंगडे, भोपळे, दोडके ही मंडळी त्या काळी रोमला गेली असती तर त्यांना दारात कुणी "म्हणजे हो काय?" असं विचारलं नसतं. सिसेरो राजकारणात उतरला तेव्हा मित्रांनी त्याला हे हरभऱ्याचं आडनाव टाकून द्यायला सांगितलं होतं, अशी गोष्ट प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. सिसेरोने ऐकलं नाही. हेच नाव गाजवून दाखवतो म्हणाला. गॅझेटमध्ये नाव बदलण्याचा अर्ज भरत असाल तर पेन क्षणभर खाली ठेवायला हरकत नाही.

अर्थ कसा लावावा

सीझर या आडनावाचा अर्थ खुद्द रोमन लोकांना पक्का सांगता येत नव्हता. त्यांच्या ग्रंथांत चार अर्थ सापडतात. नवशिक्याने चारही जवळ बाळगावेत आणि माणूस बघून एकेक बाहेर काढावा.

पहिला, हत्तीचा. घराण्यातल्या कुणी तरी युद्धात हत्ती मारला आणि आफ्रिकेतल्या लोकांच्या भाषेतला हत्तीचा शब्द त्याला चिकटला, असं म्हणतात. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४९च्या सुमारास चांदीचं नाणं पाडलं त्यावर ठसठशीत हत्ती आहे आणि पायाखाली नाव आहे 'सीझर'. पुरावा म्हणून हे लंगडं आहे, पण दिवाणखान्यात सांगायला चारांत हाच अर्थ सर्वांत शोभतो.

दुसरा, केसांचा. दाट केसांना लॅटिनमध्ये 'केसारिएस' म्हणत, त्यावरून. इथे मराठी माणसाला केस, केसर, केसरी असं सगळं एकदम आठवतं आणि तो आनंदाने उडी मारतो. उडी मारू नये. कानाला इतकी गोड लागणारी व्युत्पत्ती गुळासारखी असते, तिला आधी मुंग्या लागतात. शिवाय अडचण अशी, की ज्याच्यामुळे हे नाव जगभर गेलं तो सीझर टकला होता. मागचे केस पुढे ओढून तो टक्कल झाकायचा. सिनेटने त्याला जे जे मान दिले त्यांतला सर्वांत आवडता कोणता, तर डोक्यावर सदैव पानांचा मुकुट घालण्याचा, हे स्वेटोनियसने नोंदवून ठेवलं आहे. त्याच्या विजयाच्या मिरवणुकीत त्याचेच सैनिक त्याच्या टकलावर चावट गाणी म्हणत चालले होते.

तिसरा, घाऱ्या डोळ्यांचा. सीझरचे डोळे काळे होते. पुढे चला.

चौथा अर्थ म्हणजे तुमच्या मावशीचा. थोरला प्लिनी लिहितो, की घराण्यातला पहिला सीझर आईचं पोट कापून बाहेर काढला गेला आणि कापणे या लॅटिन क्रियापदावरून त्याला हे नाव पडलं. नीट वाचा. पहिला सीझर, म्हणजे कुणी तरी जुना पूर्वज. गाजलेला ज्युलियस नव्हे. पण गोष्टीला जवळचा आणि प्रसिद्ध माणूस लागतो, म्हणून लोकांनी पूर्वजाचा जन्म वंशजाच्या नावावर चढवला. सातबाऱ्यावर हे नेहमी उलट्या दिशेने होतं.

ज्युलियसचा जन्म तसा झाला नव्हता, हे ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. त्या काळी पोट कापायचे ते मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या बाईचं. गर्भारपणात गेलेल्या बाईला मूल काढल्याशिवाय पुरू नये, असा रोमचा जुना कायदा होता आणि तो न्यूमा राजाने केला अशी समजूत होती. ज्युलियस जन्मला इ.स.पू. १०० साली. त्याची आई वारली इ.स.पू. ५४ साली. मधली शेहेचाळीस वर्षं ती बाई ठणठणीत होती. नवरा अचानक गेल्यावर घर तिने सांभाळलं. मुलगा रोमच्या मुख्य पुरोहितपदाच्या निवडणुकीला कर्जबाजारी होऊन उभा राहिला, तेव्हा सकाळी घराबाहेर पडताना त्याने तिचाच निरोप घेतला आणि आता येईन तर पुरोहित होऊनच, असं सांगितलं. तो आला. ती दारात होती की आत, हे इतिहासात नाही, पण ती होती.

शस्त्रक्रियेला हे नाव सरळ त्याच्या जन्मावरून मिळालं, हे वाक्य म्हणूनच कुणी ऐकवलं तर मान हलवावी आणि चहा प्यावा. छापील पुस्तकाच्या नावात हे विशेषण आणलं ते फ्रान्समधल्या फ्रान्स्वा रूसे या वैद्याने, १५८१ साली. आई आणि मूल दोघंही वाचतील अशा बेताने पोट कापता येईल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्या काळी ते ऐकून पुष्कळांनी त्याला वेड्यात काढलं. भारतात शंभरातली २१.५ बाळंतपणं अशी झाली, हा २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. म्हणजे पाचांमागे एकापेक्षा थोडी जास्तच.

उच्चार

सीझर स्वतःला 'सीझर' म्हणत नव्हता. त्याच्या काळचा उच्चार 'काएसार' किंवा 'काइसार'च्या आसपासचा. जर्मनांनी तो कैसर म्हणून बऱ्यापैकी जपला, कारण त्यांनी तो लवकर उचलला. उर्दू-फारसीतही कैसर. मराठी बायबल उघडलंत तर कराच्या नाण्याच्या गोष्टीत तुम्हाला सीझर भेटणार नाही, तिथेही कैसरच आहे. इटालियन चेझारे म्हणतो, फ्रेंच माणूस सेझार म्हणतो, गोव्यात पोर्तुगीज वळणाचं सेझार. रशियन लोकांनी शब्द चावून त्याचा 'त्सार' केला. आपण त्या चोथ्याचा 'झार' केला आणि मग 'झारशाही' हा शब्द अग्रलेखांत इतका मुरवला, की तो झाऱ्याने भजी काढणाऱ्याचा राज्यकारभार वाटावा.

इंग्रजांनी सीझर केलं, आपण ते जसंच्या तसं घेतलं. गावाकडे शिजर. कुठे सिझरिंग. यातला कुठलाही उच्चार चालतो. फक्त पुण्यात बाळंतिणीला भेटायला जाऊन "काइसार झालं का?" असं विचारू नका. बरोबर असाल, पण डिंकाचा लाडू मिळणार नाही.

लिंग, वचन आणि प्रयोग

मराठीत सीझर तिन्ही लिंगांत चालतं, आणि नवशिका अडखळतो तो इथेच. पुल्लिंगी 'तो सीझर' म्हणजे रोमन सेनानी किंवा कुत्रा. संदर्भावरून कळतं. नपुंसकलिंगी 'ते सीझर' म्हणजे ऑपरेशन. 'काल तिचं सीझर झालं.' स्त्रीलिंगी हवं असेल तर 'सिझेरियन डिलिव्हरी', पण हा प्रयोग विमा कंपनीच्या कागदांवरच जास्त आढळतो.

अर्ध्या युरोपला गुडघ्यावर आणणाऱ्या माणसाचं नाव आपण बसल्या बसल्या नपुंसकलिंगी करून टाकलं. परिसंवाद नाही, ठराव नाही, निषेधाचं पत्रकही नाही. मराठी बायकांनी बाळंतिणीच्या खोलीत बसून हे केलं, आणि भाषेतले टिकाऊ फेरफार बहुधा अशाच खोल्यांत होतात, असं माझं मत आहे.

क्रियापदं लक्षात ठेवा. सीझर 'होतं' (तिचं). सीझर 'करतात' (डॉक्टर). सीझर 'करावं लागलं' (नवऱ्याने सासरी सांगताना). सीझर 'सांगितलंय' (आठव्या महिन्यात, आवाज बारीक करून). डॉक्टर मंडळी आपापसांत 'आज तीन सीझर आहेत' असं म्हणतात. रोमन इतिहासात एका वेळी तीन सीझर असणं हे पुष्कळदा यादवी युद्धाचं लक्षण होतं, दवाखान्यात तो साधा मंगळवार असतो.

मी एकदा उत्साहाच्या भरात आमच्या मावशीला सांगितलं, "मावशी, सीझर हा खरं तर माणूस होता."

"असेल रे," ती म्हणाली. "टाके किती पडले त्याला?"

"टाका एकही नाही," मी म्हटलं. "वार तेवीस."

तेवीस हा आकडा खरा आहे. अँटिस्टियस नावाच्या वैद्याने प्रेत तपासलं आणि तेविसातला एकच वार, छातीवरचा दुसरा, जिवावर बेतणारा होता असं सांगितलं. मावशीचं मत पडलं की वेळेवर नेलं असतं तर वाचला असता.

मोठ्या पदांसाठी वापर

आडनावाची पदवी कशी करावी, याची कृती अशी. आधी पोटचा वारस नसावा. मग मृत्युपत्रात बहिणीच्या नातवाला दत्तक घ्यावं. त्या पोराने लगेच तुमचं अख्खं नाव लावावं आणि पुढे सगळं राज्य खिशात घालावं. हाच ऑगस्टस. दत्तक, पुतण्या, वारसा आणि पक्षाचं नाव कुणाचं, या विषयांत मराठी वाचकाला आम्ही काही शिकवावं असं नाही. मधल्या मधे एक खुलासा: ज्युलियस स्वतः सम्राट कधीच नव्हता. तहहयात डिक्टेटर होता, आणि ती हयात फार चालली नाही.

इ.स. ६८ साली नीरो मेला आणि घराणं संपलं. नाव मात्र संपलं नाही. पुढचे राज्यकर्ते रक्ताचं नातं नसताना 'सीझर' लावू लागले. मग २९३ साली डायोक्लेशियनने साम्राज्य चौघांत वाटलं: वर दोन 'ऑगस्टस' आणि त्यांच्या हाताखाली दोन 'सीझर'. ज्या नावाने जग हादरत होतं ते नाव एका फटक्यात उपपदावर आलं. एकाच वेळी दोन उप, ही व्यवस्था महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही.

रोमच्या बाहेर हे नाव फार आधी निघालं होतं. सिंधूच्या काठी अटकजवळ सापडलेल्या आरा इथल्या शिलालेखात एका कनिष्काने महाराज, राजाधिराज, देवपुत्र असे किताब लावून झाल्यावर चौथा लावला आहे 'कैसर'. म्हणजे चीन, इराण, भारत आणि रोम या चारही दिशांचे मोठेपण एका माणसाने अंगावर चढवले. लग्नपत्रिकेतल्या पदव्या वाचून हसणाऱ्यांनी हा लेख एकदा पाहावा.

पुढे बल्गेरियाचे त्सार, १५४७ साली राज्याभिषेक करवून घेणारा रशियाचा इव्हान, कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर स्वतःला रूमचा कैसर म्हणवणारा उस्मानी सुलतान मेहमत, आणि शेवटी जर्मनीचे कैसर. यांतले बरेच जण एकमेकांशी लढले, आणि प्रत्येकाच्या मते खरा सीझर एकच होता.

आपल्याकडे हे खातं १ जानेवारी १८७७ रोजी उघडलं. दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी 'कैसर-इ-हिंद' झाली. हा किताब सुचवला लाहोरच्या लाइटनर नावाच्या पंडिताने. फारसीत लिंगाची भानगड नसल्यामुळे बाईला कैसर म्हणण्यात व्याकरणाची अडचण आली नाही. मग ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात 'केसरी' निघाला. कैसर आणि केसरी ही शब्दांची जोडी कुणी जुळवली नव्हती, पण जुळली फार छान, आणि १८९७ साली दोघं समोरासमोर आले. राजद्रोहाच्या त्या खटल्याचं नावच 'क्वीन एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक' असं आहे.

कैसर-इ-हिंद नावाचं पदकही होतं, १९०० साली सुरू झालेलं. पंडिता रमाबाईंना ते १९१९ साली मिळालं. गांधीजींना १९१५ साली मिळालं, त्यांनी १९२० साली परत केलं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये 'कैसर-इ-हिंद' नावाची इमारतच आहे, आणि सक्तवसुली संचालनालयाचं कार्यालय अनेक वर्षं तिच्यात राहिलेलं आहे. बायबलातली कराच्या नाण्याची गोष्ट वर आलीच आहे, तिच्यावर आम्ही आणखी भाष्य करत नाही.

पदवी म्हणून आता हा भाग चालत नाही. १९१७ साली रशियाचा झार गेला, १९१८ साली जर्मनीचा कैसर गेला, १९४८ साली इंग्लंडच्या राजाने हिंदुस्थानचा बादशहा हा किताब सोडला. शेवटच्या त्सारांपैकी एक, बल्गेरियाचा दुसरा सिमेऑन, १९४६ साली नऊ वर्षांचा असताना देशाबाहेर गेला आणि २००१ साली परत येऊन निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला. सीझर या नावाने लोकांची मतं मागून मिळवलेली ही अलीकडची एकमेव सत्ता.

महिना

'जुलै' हा या संचातला सर्वांत भक्कम भाग. आधी त्या महिन्याचं नाव होतं क्विंटिलिस, म्हणजे पाचवा, कारण जुनं रोमन वर्ष मार्चपासून मोजत. सीझरच्या हाती पुरोहितपद होतं, म्हणून पंचांगही त्याच्याच हाती होतं. रोमन पुरोहित अधिक महिना सोयीने घालायचे किंवा विसरायचे. आपला माणूस पदावर असला की वर्ष लांबायचं. ऋतू कुठे आणि महिना कुठे अशी दशा झाली. सीझरने इ.स.पू. ४६चं वर्ष ४४५ दिवसांचं करून सगळा हिशेब चुकता केला आणि तिथून ३६५ दिवस, चौथ्या वर्षी एक जादा, हा नियम लावला. पुरोहितांना 'दर चौथ्या' याचाही अर्थ कळला नाही. त्यांनी दर तिसऱ्या वर्षी जादा दिवस घातला, आणि ते निस्तरायला ऑगस्टसला यावं लागलं.

क्विंटिलिसचा जुलै झाला तो इ.स.पू. ४४ साली. सीझर मारला गेला त्याच साली, १५ मार्चला. स्वतःच्या नावाचा पहिला जुलै त्याने पाहिला नाही.

जुलै महिना सीझरांना लाभतोच असंही नाही. ८ जुलै २०१४ रोजी विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या गोलात उभा होता ज्युलिओ सेझार, म्हणजे आपला ज्युलियस सीझरच. समोर जर्मनी, कैसरांचा देश. त्यांच्या बेकनबाउअरलाही लोक कैसरच म्हणायचे. कैसरांनी सीझरला सात गोल मारले. ७-१. नामसाधर्म्याचा इतका जाहीर पराभव दुसरा आठवत नाही.

गुप्त लिपी: घरच्या घरी

साहित्य: कागद, पेन आणि पाठ असलेली बाराखडी. सीझर खाजगी निरोप लिहिताना प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचं तिसरं अक्षर घालायचा. लहानपणी 'च'ची भाषा बोललेल्या मराठी माणसाला हे पोरखेळ वाटेल, आणि तो आहेच. क च्या जागी घ, म च्या जागी ल. काना-मात्रा जिथल्या तिथे ठेवा, ळ संपला की पुन्हा क वर या. 'वडा' लिहायचा असेल तर 'सता' लिहा. 'सावध' चं होतं 'कासफ'.

करून पाहा, सोपं आहे. फक्त निरोप वाचला जाईल याची खात्री नसते. १५ मार्चला सिनेटकडे जाताना आर्टेमिडोरस नावाच्या माणसाने कटाची सगळी हकीकत लिहिलेला कागद सीझरच्या हातात कोंबला होता, साध्या सरळ लिपीत. गर्दीत सीझरला तो वाचायला सवड झाली नाही.

सॅलड

सीझर सॅलडचा या सीझरशी काहीही संबंध नाही. मेक्सिकोतल्या तिहुआना गावी सीझर कार्डिनी नावाचा इटालियन उपाहारगृहवाला होता. १९२४ साली त्याने ते पहिल्यांदा कालवलं, असं सांगतात. खा.

म्हण

'सीझरची बायको' हा भाग वर्तमानपत्रांच्या कामाचा. कुठे चौकशी समिती नेमली, की सार्वजनिक जीवनातल्या माणसाने सीझरच्या पत्नीसारखं संशयातीत असावं, असं छापून येतं. म्हणीमागची हकीकत वाचलीत तर ती वापरताना हात जरा थरथरेल.

इ.स.पू. ६२. सीझरच्या घरी फक्त बायकांचा एक व्रतोत्सव चालला होता. पुरुषाने त्या रात्री घरात पाऊल टाकायचं नाही, यजमानही बाहेर. क्लोडियस नावाचा एक उनाड श्रीमंत पोरगा बाईच्या वेषात आत शिरला, सीझरची बायको पाँपेया हिच्यावर डोळा ठेवून. आवाजावरून पकडला गेला. तेव्हा बायकांच्या किंकाळ्यांतही एकच बाई शांत राहिली, सीझरची आई. तिने पूजा थांबवली, दारं लावून घेतली, मशाली पेटवल्या आणि घराचा कोपरान् कोपरा धुंडाळून त्या पोराला बाहेर काढलं. पुढे खटला चालला. सीझरने साक्षीत सांगितलं, की मला यातलं काही ठाऊक नाही. तरीही बायकोला त्याने टाकलं होतं. ते का, तर तिच्यावर संशयसुद्धा येता कामा नये म्हणून. बाई दोषी होती असं तो म्हणालाच नाही. आणि हा संशयाच्या बाबतीत इतका हळवा नवरा स्वतः काय प्रकारचा होता, ते त्याच्या सैनिकांच्या गाण्यांत होतं. न्यायाची म्हण म्हणून आपण जी वापरतो, ती एका अन्यायाची सबब आहे.

धोक्याच्या सूचना

हे नाव लहान मुलांना घालू नये. क्लिओपात्राच्या मुलाला लोक सिझेरियन, म्हणजे धाकटा सीझर, म्हणत. सीझर नावाची गर्दी बरी नव्हे, असं एका तत्त्वज्ञाने ऑगस्टसच्या कानात सांगितलं आणि इ.स.पू. ३० साली तो सतरा वर्षांचा पोरगा मारला गेला.

सीझरच्या अंत्ययात्रेच्या दिवशी तर चिडलेल्या जमावाने हेल्व्हियस सिन्ना या निरुपद्रवी माणसाला रस्त्यात ठार केलं, कारण कटवाल्यांच्या बाजूने बोललेल्या दुसऱ्या एका सिन्नाशी त्याचं आडनाव जुळत होतं. आपल्याकडे नामसाधर्म्याने फार तर डिपॉझिट जातं.

कुत्र्याला हे नाव खुशाल ठेवा, पण आजूबाजूला पाहून. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ बाई राहतात. खाली कुणी "सीझर! सीझर, लवकर!" असं ओरडलं, की कुत्रा जागचा हलत नाही आणि बाई हातातला घास टाकून गॅलरीत येतात.

शेवटची सूचना. फोन पुन्हा वाजणार आहे, बहुधा जुलैतच. मावशीच्या हातून तो आधी तुम्ही घ्या. नॉर्मल की सीझर, हे दोन मिनिटांनी विचारलं तरी चालतं. आधी बाळंतीण कशी आहे ते विचारा, आणि तिचं नाव घेऊन विचारा. या नावाच्या गोष्टीत दोन हजार वर्षं लोक मुलाचंच नाव घेत आले, आणि आईला पहिल्याच वाक्यात मारून मोकळे झाले. तिचं नाव ऑरेलिया होतं.